प्रसूतिकक्षातील परिचारिका आणि सोबतीण

बाळंतपण घरी होत असे, तेव्हा सुईणीबरोबर घरातील एखादी जाणती स्त्री उशाशी बसलेली असे. प्रसूती रुग्णालयात होऊ लागली आणि ही स्त्री बाहेरच्या बाकावर गेली. माता व अर्भक यांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने हा बदल इष्टच होता. परंतु घाटकोपरचे राजावाडी किंवा बोरिवलीचे भगवती यांसारख्या उपनगरी रुग्णालयांत एका परिचारिकेकडे एकाच वेळी अनेक स्त्रिया असू शकतात. एकीचा हात धरून बसणे तिला कसे शक्य व्हावे?

या सोबतीचे मोल मोजण्याचा एक आरंभीचा प्रयत्न ग्वाटेमाला देशात झाला. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात काही पहिलटकरणींजवळ एक अनोळखी, अप्रशिक्षित स्त्री सतत बसविण्यात आली. दाखल झाल्यापासून प्रसूतीपर्यंतचा त्यांचा सरासरी काळ ८.८ तास होता. एकट्या स्त्रियांचा १९.३ तास. अभ्यास लहान होता हे खरे. तथापि २०१७ साली २६ चाचण्यांच्या आढाव्यातही सतत आधार मिळालेल्या स्त्रियांच्या कळांचा काळ कमी आणि शस्त्रक्रियेचे प्रमाण कमी आढळले. पाश्चात्त्य देशांत अशा सोबतिणीस ‘डूला’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सेविका.

केंद्र शासनाने २०१६ साली सार्वजनिक रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतिणीस अनुमती दिली. ती नात्यातील, स्वतः बाळंतपण अनुभवलेली असावी, तिला संसर्गजन्य रोग नसावा, तिने उपचारांत हस्तक्षेप करू नये, अशा अटी आहेत. २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही सोबतिणीस स्थान आहे. तिने काय करू नये हे अटींवरून कळते. काय करावे, हे मात्र परिचारिकेनेच सांगावयास हवे. ते न सांगितल्यास सोबतीण भांबावते, जोर कर म्हणून अवेळी घाई करते, आणि परिचारिकेस ती अडगळ वाटू लागते.

वास्तविक कामाची वाटणी सरळ आहे. बाळाच्या हृदयाचे ठोके, रक्तदाब, कळांची नोंद, औषधे ही परिचारिकेची जबाबदारी. पाणी पाजणे, कंबर चोळणे, हिंडविणे, कुशीवर वळविणे, धीर देणे हे सोबतिणीचे. रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी वा झटके दिसताच हाक मारणे हेही तिचेच. कारण ती क्षणभरही जागा सोडत नाही. दाखल करतानाची पाच मिनिटे या सूचनांसाठी पुरेशी आहेत. दोन खाटांमध्ये पडदा मात्र हवाच. शेजारच्या स्त्रीची लाज हीही रुग्णालयाची जबाबदारी होय.

खरी अडचण निराळीच आहे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत. पण उपनगरांतील अनेक वस्त्यांत सुनेचे माहेर शेकडो कोस दूर असते आणि घरात दुसरी स्त्री नसते. अशा वेळी शेजारीण धावून येते. नात्याच्या अटीवर बोट ठेवून तिला परत पाठविणे म्हणजे त्या स्त्रीस एकटे ठेवणेच होय. सातव्या-आठव्या महिन्याच्या तपासणीतच सोबतिणीचे नाव नोंदवून तिला प्रसूतिकक्ष दाखविल्यास ऐन रात्री दारात वाद होणार नाही.