निदान आधी, उपचार नंतर : गाडीचा फ्युएल पंप घरी बदलताना



वर्गात एखादं लेकरू वाचनात मागं पडलं तर आपण काय करतो? आधी निदानात्मक चाचणी घेतो. अक्षरओळख नाही, की जोडाक्षरात अडतंय, की डोळ्यालाच कमी दिसतंय, हे बघतो. मग उपचारात्मक अध्यापन. डी.एड.ला आपण सगळे हे शिकलो. पण स्वतःची गाडी बंद पडली तेव्हा मी हे साफ विसरलो. त्या चुकीतून जे शिकलो ते आज सांगतो.

प्रसंग

लातूरहून शाळेला जाताना चाकूर ओलांडलं आणि शिरूर ताजबंदच्या अलीकडे गाडीने दोन झटके दिले आणि बंद. सेल्फ फिरतोय, पण इंजिन पकडत नाही. कसंबसं टेम्पोत टाकून गाडी घरी आणली. मी आधी प्लग बदलला. मग बॅटरी चार्ज करून आणली. गाडी तशीच. पैसे गेले, दोन रजा गेल्या.

आप्पा म्हणाले, "कॉक रिझर्व्हला लाव की रे." मी म्हणालो, "आप्पा, हिला कॉकच नाही." "मग पेट्रोल खाली येतं कसं?" प्रश्न अगदी बरोबर होता. खरा धडा इथूनच सुरू होतो.

शेवटी नांदेडच्या मित्राला फोन केला. तो माझा डी.एड.चा वर्गमित्र. भरतीची वाट बघून बघून त्याने शेवटी गॅरेज टाकलं. सगळं ऐकून तो म्हणाला, "सर, निदान केलंत का? का नुसतेच उपचार चाललेत?" मी गप्प झालो.

पेट्रोल इंजिनात पोहोचतं कसं?

जुन्या गाड्यांत टाकी वर आणि कार्बोरेटर खाली असायचा. कॉक उघडला की पेट्रोल गुरुत्वाकर्षणाने खाली यायचं. शेतातल्या टाकीचं पाणी पाइपाने खालच्या वाफ्यात जातं तसंच.

1 एप्रिल 2020 पासून देशात भारत स्टेज 6 हे प्रदूषणाचे नियम लागू झाले. त्यासाठी बहुतेक दुचाकींमध्ये कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. यात इंजेक्टर नावाची बारीक तोटी पेट्रोलचा फवारा मारते. फवाऱ्याला दाब लागतो, नुसत्या गुरुत्वाकर्षणाने भागत नाही. म्हणून टाकीच्या आतच विजेवर चालणारा छोटा पंप असतो. तो साधारण अडीच ते तीन बार दाब देतो. म्हणजे 36 ते 43 पीएसआय. मागच्या टायरमध्ये आपण साधारण 30 च्या आसपास हवा भरतो, त्याहून हा दाब जास्त आहे.

हा पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. तेच पेट्रोल त्याला थंड ठेवतं आणि वंगणही देतं. महिनाअखेरीला शंभर रुपयांचं पेट्रोल टाकून कायम रिझर्व्हवर गाडी चालवली की पंप तापतो. त्यात आपल्याकडचा एप्रिल-मे. माझी सवय नेमकी हीच होती, त्यामुळे दोष गाडीला देऊन चालणार नाही. दुसरं कारण म्हणजे बाटलीतून किंवा जुन्या कॅनमधून टाकलेल्या पेट्रोलमधला कचरा. तिसरं, पाणी. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी धरतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसह तळाशी बसतं आणि पंपाची जाळी तळाशीच असते.

निदान : पाच पायऱ्या

1. पेट्रोल बघा, स्विच बघा. काटा बिघडलेला असू शकतो, म्हणून झाकण उघडून नजरेने बघा. हँडलवरचा लाल किल स्विच चालू आहे ना?
2. कान द्या. चावी चालू केली की दोन-तीन सेकंद टाकीतून बारीक गुणगुण ऐकू येते. तो पंप दाब तयार करतोय. आवाज नसेल तर पंपापर्यंत वीज जातेय का, हा पुढचा प्रश्न.
3. फ्यूज तपासा. उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा बसवा. तार गुंडाळू नका. पुन्हा उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे.
4. बॅटरी मोजा. चांगली बॅटरी गाडी बंद असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास दाखवते.
5. पंपाच्या कनेक्टरवर मीटर लावा. त्याच कनेक्टरमध्ये पेट्रोलच्या काट्याच्या तारा पण असतात, म्हणून पंपाच्या पिना कोणत्या ते आधी माहीत करून घ्या. चावी चालू केल्यावर त्या दोन-तीन सेकंदांत बारा व्होल्टच्या आसपास दिसले आणि तरी पंप मुका, तर पंप गेला. व्होल्ट आलेच नाहीत, तर पंपाचा दोष नाही. रिले, तार किंवा गाडी पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर बघा.

पंप गुणगुणतो, पण चढाला गाडी दम टाकते, असं असेल तर जाळी तुंबलेली असू शकते. तेव्हा दाब मोजून घ्यावा.

माझ्या गाडीत व्होल्ट येत होते, पंप गप्प होता. निदान पक्कं झालं. खर्च दहा मिनिटांचा. गाडी वॉरंटीत असती तर मी इथेच थांबलो असतो.

थांबा! आधी आग

इथे माझी दुसरी चूक. पार्ट आला त्याच संध्याकाळी मी ओसरीतच टाकी उघडायला बसलो. आप्पांनी हात धरला. "आत आईनं दिवा लावलाय, दिसत नाही का?"

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, फरशीवरून पाण्यासारखी सरकत जाते. शून्याखाली 40 अंशांच्या आसपासही ती पेट घेऊ शकते, तर आपल्या उन्हाळ्यात काय होईल? देवघर ओसरीपासून आठ-दहा पावलांवर होतं. अजूनही आठवलं की अंगावर काटा येतो.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी, उघड्या अंगणात. जवळ गॅस, अगरबत्ती, बिडी, चालू मोटर काही नाही. लेकरं लांब. जवळ पावडरचं अग्निशामक आणि कोरडी वाळू. पाणी नाही, कारण पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते. नळीने तोंडाने पेट्रोल ओढायचं नाही. ते फुप्फुसात गेलं तर जीवावर बेततं.

उपचार : पंप बदलणे

- इंजिन थंड होऊ द्या. पंपाचा कनेक्टर काढून सेल्फ काही सेकंद फिरवा, म्हणजे नळीतला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.
- हातपंपाने पेट्रोल झाकणाच्या कॅनमध्ये काढा. कॅन जमिनीवर ठेवा.
- नळीच्या जोडावर कापड धरून लॉक हळू सोडा. दाब थोडा तरी उरतोच. डोळ्याला चष्मा असू द्या.
- टाकी उतरवून जाड कापडावर उलटी ठेवा. बोल्ट काढण्याआधी पंपाच्या भोवतीची माती पुसून घ्या आणि मोबाईलने फोटो काढा, मात्र टाकी उघडल्यावर मोबाईल लांब ठेवा.
- युनिट सरळ ओढू नका. काट्याचा दांडा वाकतो. तिरपं करत, फिरवत काढा.
- टाकीचा तळ बघा. गंज, पाणी, गाळ असेल तर आधी साफ करा. नाहीतर नवा पंपही त्याच वाटेने जाईल.
- पार्ट नंबर जुळवून नवा पंप घ्या. जाळी आणि रबरी सील नवीनच घाला. जुनं सील फुगलेलं असतं, ते परत नीट बसत नाही.
- बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा. एकच बाजू आधी घट्ट केली तर सील तिरपं बसतं.
- नवा पंप हवेत कोरडा फिरवून बघू नका.
- टाकी आणि नळी जोडा, लॉकचा 'टक' आवाज येऊ द्या. तीन-चार लिटर पेट्रोल टाका, कनेक्टर लावा, शेवटी बॅटरी.
- चावी पाच-सहा वेळा चालू-बंद करा. दर वेळी गुणगुण थांबेपर्यंत थांबा. मग कोरडा कागद प्रत्येक जोडाला लावून बघा. कागद ओला झाला तर सेल्फ मारू नका.

माझा कागद कोरडा राहिला. दुसऱ्या सेल्फला गाडी चालू झाली. आप्पा टाकीला कान लावून म्हणाले, "बोलती झाली की!" काढलेलं पेट्रोल गाळून परत टाकलं, तळाचा गाळ मात्र नालीत ओतला नाही, गॅरेजवर दिला.

वर्गात

सोमवारी मी हा प्रसंग लेकरांना सांगितला. पेट्रोल वर्गात अजिबात न्यायचं नाही. एक बाटली उंच धरून नळीने पाणी खाली सोडलं, तो झाला कार्बोरेटर. बिनसुईच्या सिरिंजमध्ये पाणी भरून दाबलं, तो झाला पंप. मग दोन प्रश्न विचारले. बाटली खाली आणली तर धार का मंदावते? सिरिंज आडवी धरली तरी धार का जाते? उत्तरं लेकरांनीच दिली.

मागच्या बाकावरचा एक मुलगा, वाचायला सांगितलं की खाली बघणारा, तो म्हणाला, "सर, प्लग आधी कामून बदलला? पंपाचा आवाज ऐकायचा ना."

त्या दिवशी मी त्याला जवळ बसवून वाचायला लावलं. फळ्यावरचं दिसत नव्हतं त्याला. पुस्तक जवळ धरलं की वाचत होता. दोन महिने मी त्याला अक्षरं गिरवायला देत होतो.

निदान आधी, उपचार नंतर. गाडीला आणि लेकरालाही.

स्वाध्याय

1. पंप पेट्रोलमध्ये बुडालेला का ठेवतात?
2. पेट्रोलच्या आगीवर पाणी का टाकत नाहीत?
3. आपल्या घरातल्या एखाद्या बंद वस्तूचं निदान कसं कराल, ते क्रमाने लिहा.