विजेचा काँक्रीट मिक्सर : शेतावरील मांडणी व सुरक्षित वापर



मातीच्या पाटातून उसाला पाणी देताना किती पाणी वाटेतच मुरते आणि खेकड्या-उंदरांच्या बिळांतून किती शेजारच्या रानात जाते, हे आपल्याला सांगायला नको. म्हणून अलीकडे बरेच सभासद मुख्य पाटाला काँक्रीटचे अस्तर करून घेतात. त्याच हाताने गोठ्याचा कोबा, पाटाच्या कडा, पंपघराचा ओटा अशीही कामे उरकली जातात. हाताने माल कालवण्यापेक्षा मिक्सरचा माल एकसारखा होतो आणि मजुरीही वाचते. दोन-चार जण मिळून दिवसाच्या भाड्याने मिक्सर आणतात व पंपघरातून वीज जोडून काम सुरू करतात. इथवर सगळे ठीक आहे. धोका त्या जोडणीत आहे, आणि हा लेख त्या जोडणीविषयीच आहे.

१. पंप आणि मिक्सर यांतला फरक

"साहेब, पाच-साडेसात घोड्यांचा पंप वर्षानुवर्षे चालतोय, मग हा एवढासा मिक्सर का चालणार नाही?" असा प्रश्न नेहमी येतो. मिक्सर चालेल, यात शंका नाही. पण पंप चालू असताना त्याला कोणी हात लावत नाही. बटण दाबले की माणूस दाऱ्यावर जातो. मिक्सरचे तसे नाही. त्याच्या लोखंडी अंगाला दिवसभर हात लागतो. हात ओले, पाय ओले, खाली सिमेंटच्या पाण्याचा चिखल. ओल्या अंगातून वीज सहज वाहते. म्हणजे पंपाच्या जोडणीत जी ढिलाई आजवर खपून गेली, ती मिक्सरच्या जोडणीत खपणार नाही. पंपाच्या सवयी मिक्सरला लावायच्या नाहीत, एवढे एक सूत्र ध्यानात ठेवले तर पुढचे सगळे सोपे आहे.

२. वीज कोठून व कशी घ्यावी

शेतीपंपाची जोडणी पंपासाठी दिलेली असते. बांधकामासाठी ती वापरण्यापूर्वी महावितरणच्या आपल्या भागातील कार्यालयात विचारून घ्यावे. तारेवर आकडा टाकून तर मिक्सर कधीच चालवू नये. २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे ती चोरी आहेच, पण त्या आकड्याला ना फ्यूज, ना स्विच. माणूस चिकटला तर बंद काय करणार?

जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. मेन स्विच मिक्सरवाल्याला दिसेल आणि धावत जाऊन बंद करता येईल अशा जागी असावा. बोर्डाच्या भोकात तारांची टोके खोचून वर काडी ठोकायची, ही पद्धत आता सोडून द्यावी. पाणी न शिरणारा प्लग आणि सॉकेट वापरावा.

आता सर्वांत घातक सवयीविषयी. पुष्कळ पंपघरांत तीन फेजच्या तारा असतात, पण न्यूट्रल नसतो. सिंगल फेजचा लहान मिक्सर आणला की एक फेज घेतात आणि दुसरी तार पंपाच्या अर्थिंगला जोडतात. मिक्सर फिरतो, सगळे खूश. पण त्या वेळी मिक्सरचा सारा प्रवाह जमिनीत उतरत असतो. हिशेब करून पाहा. दोन घोड्यांचा सिंगल फेज मिक्सर साधारण १० अँपियर घेतो. अर्थिंगचा रोध ५ ओहम धरला, तर १० गुणिले ५ म्हणजे ५० व्होल्ट त्या अर्थिंगवर, पंपाच्या अंगावर आणि आसपासच्या ओल्या मातीत चढतात. जनावराच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, त्यामुळे बैल किंवा म्हैस आधी पडते. आणि अर्थिंगची तार मध्येच तुटली तर मिक्सरच्या बाजूच्या टोकावर पुरे २३० व्होल्ट उभे राहतात. म्हणून न्यूट्रल नसेल तेथे सिंगल फेजचा मिक्सर आणूच नये. तीन फेजचा आणावा, नाही तर डिझेलचा आणावा.

३. अर्थिंग आणि ब्रेकर, दोन्ही हवेत

मिक्सरच्या अंगाला अर्थिंग असलीच पाहिजे. ती केबलच्या आतल्या स्वतंत्र तारेने पंपघरातील अर्थिंगपर्यंत न्यावी. म्हणजे सिंगल फेजला तीन तारांची आणि तीन फेजला चार तारांची केबल लागते. अर्थिंगचा पाइप जमिनीत निदान अडीच मीटर खोल असावा व खड्डा ओलसर ठेवावा.

काही जण मिक्सरशेजारी हातभर सळई ठोकतात आणि "अर्थिंग झाली" म्हणतात. अशा सळईचा रोध २० ओहम असला, तर मोटारीची फेज अंगाला टेकल्यावर तिच्यातून ११-१२ अँपियर जातील. १६ अँपियरचा फ्यूज त्याने उडणार नाही. मिक्सर फिरत राहील आणि त्याचे अंग जिवंत राहील.

येथे फ्यूजचे काम काय, ते समजून घ्यावे. फ्यूज किंवा साधा एम.सी.बी. हा तार जळू नये म्हणून असतो, माणूस वाचावा म्हणून नव्हे. माणसाच्या छातीतून ३० मिलिअँपियरच्या वर प्रवाह गेला की जिवाला धोका सुरू होतो. १६ अँपियर म्हणजे त्याच्या पाचशे पटींहून अधिक. माणूस मरून जाईल, फ्यूजला पत्ताही लागणार नाही.

म्हणून ३० मिलिअँपियरचा गळती-ब्रेकर बसवावा. बाजारात त्याला ई.एल.सी.बी. किंवा आर.सी.सी.बी. म्हणतात. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह तो सतत ताडून पाहतो. फरक पडला, म्हणजे वीज कोठे तरी गळाली, की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत तो वीज तोडतो. तो केबलच्या सुरुवातीला, पंपघरातच बसवावा. मिक्सरवर बसवला तर मधली केबल उघडी पडल्यास त्याचा उपयोग नाही. त्यावर 'टेस्ट'चे बटण असते. रोज सकाळी काम सुरू करण्यापूर्वी ते दाबावे. ब्रेकर पडला पाहिजे. नाही पडला, तर त्या दिवशी काम नाही.

ब्रेकर वारंवार पडतो म्हणून तो काढून थेट जोडणी करणारेही आहेत. राखणीचे कुत्रे भुंकते म्हणून त्याला हाकलून द्यायचे आणि चोराला वाट मोकळी करायची, असला हा प्रकार. ब्रेकर पडतो याचा अर्थ कोठे तरी गळती आहे. ती शोधावी.

४. केबल

केबल अखंड, जाड आवरणाची घ्यावी. जोडाला चिकटपट्टी गुंडाळून ती ओल्या रानात टाकू नये. लांब अंतराला बारीक केबल चालत नाही. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमधून १० अँपियर १०० मीटर नेले, तर सिंगल फेजला सुमारे १५ व्होल्ट वाटेतच जातात. व्होल्टेज कमी पडले की मोटार तापते. अंतर जास्त असेल तर ४ चौरस मिलिमीटरची घ्यावी.

गुंडाळलेली केबल तशीच ठेवून मिक्सर चालवू नये. वेटोळे तापून आवरण वितळते. केबल पाटाच्या पाण्यातून किंवा ट्रॅक्टरच्या चाकाखालून नेऊ नये. लाकडी खांबांवरून उंच घ्यावी. वाट ओलांडायची असेल तर पाइपात घालून पुरावी.

५. यंत्र कोठे उभे करावे

जागा सपाट, टणक आणि जरा उंच असावी, म्हणजे सांडलेले पाणी पायाशी साचणार नाही. चाकांना दोन्ही बाजूंनी ओट लावावी. ड्रम भरल्यावर वजन एका बाजूला येते व मऊ रानात मिक्सर कलंडतो. विजेच्या तारांखाली मिक्सर उभा करू नये. सळया, शिडी किंवा पाइप नेताना आडवे धरावेत. ११ हजार व्होल्टच्या तारेला शिवावेच लागते असे नाही, जवळ गेले तरी वीज उडी मारते.

पट्टा आणि दातेरी चक्र यांवरची जाळी जागेवर असल्याशिवाय बटण दाबू नये. तीन फेजच्या मिक्सरचा ड्रम उलटा फिरला तर मेन स्विच बंद करून वायरमनने दोन फेजच्या तारा अदलाबदल कराव्यात. स्टार्टरचा ओव्हरलोड मोटारीच्या पाटीवर लिहिलेल्या अँपियरवर लावावा. एक फेज गेली तर मोटार नुसती गुणगुणते व जळते, म्हणून सिंगल फेज प्रिव्हेंटर असणे चांगले.

६. चालविण्याचा क्रम

(अ) एकच माणूस मिक्सरचा चालक नेमावा. बटणाला दुसऱ्याने हात लावायचा नाही.

(आ) खांद्यावरचा टॉवेल, सुटे उपरणे, मोकळा पदर, लांब वेणी यांना मिक्सरजवळ मज्जाव. पदर खोचलेला हवा. मुलांना जवळ फिरकू देऊ नये.

(इ) चालकाने रबरी बूट आणि हातमोजे घालावेत. ओले सिमेंट चुन्यासारखे दाहक असते. अनवाणी काम केले तर संध्याकाळी बोटांच्या बेचक्यात जखमा दिसतात. डोळ्यांत उडाले तर स्वच्छ पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटे धुवावे आणि डॉक्टरकडे जावे.

(ई) रिकामा ड्रम आधी सुरू करावा, मग माल टाकावा. आधी थोडे पाणी आणि खडी, नंतर वाळू व सिमेंट, शेवटी उरलेले पाणी. पाटाच्या अस्तराला १:२:४ चे प्रमाण घेतात. एका ५० किलोच्या पोत्याला पाणी ३२ लिटरपेक्षा जास्त नको. वाळू ओली असेल तर आणखी कमी. '१०/७' मापाच्या मिक्सरमध्ये एका पोत्याचा माल बसतो. त्याहून जास्त कोंबू नये.

(उ) सर्व माल पडल्यावर निदान दोन मिनिटे फिरू द्यावा.

(ऊ) फिरत्या ड्रममध्ये हात, फावडे, काठी, काहीही घालायचे नाही. पात्यात फावडे अडकले की दांडा माणसाला ओढून घेतो किंवा छातीवर बसतो.

७. वीज गेली तर

शेतीच्या फीडरवर वीज पाळीने येते आणि मध्येही जाते. त्यासाठी आपण पंपाला ऑटो स्विच बसवतो, म्हणजे वीज आली की पंप आपोआप सुरू होतो. रात्री-अपरात्री रानात जायची खेप वाचते. पण तोच स्टार्टर मिक्सरला जोडला तर काय होईल, याचा विचार करावा. वीज गेली. ड्रममध्ये माल आहे, तो घट्ट होईल म्हणून गडी आत वाकून फावड्याने माल उपसतो आहे. अन् तेवढ्यात वीज आली.

म्हणून मिक्सरला ऑटो स्विच अजिबात नको. वीज गेल्यावर स्टार्टर आपोआप सुटला पाहिजे आणि हाताने दाबल्याशिवाय पुन्हा लागता कामा नये. वीज गेली की प्रथम मेन स्विच पाडावा, प्लग काढावा व तो चालकाने स्वतःजवळ ठेवावा. मगच ड्रम उपसायला घ्यावा. भरल्या ड्रमनिशी मोटार पुन्हा सुरू करण्याचा आग्रह धरू नये, ती जळते. एका घाण्याचा माल वाया गेला तर जाऊ द्यावा.

८. साफसफाई व पाणी मारणे

संध्याकाळी खडी व पाणी टाकून ड्रम फिरवून धुवावा. आत हात घालून खरवडायचे असेल तर पुन्हा तोच नियम: प्लग काढलेला आणि चालकाजवळ. मोटार व स्टार्टर यांवर पाण्याची नळी मारू नये. झालेल्या कामाला साध्या सिमेंटला ७ दिवस आणि पोझोलाना सिमेंटला १० दिवस पाणी मारावे. नाही तर अस्तराला भेगा जातात.

९. शॉक लागल्यास

चिकटलेल्या माणसाला हात लावू नये. एकाला वाचवायला गेलेला दुसराही जातो. आधी मेन स्विच बंद करावा. तो लगेच सापडला नाही, तर कोरड्या फळीवर उभे राहून कोरड्या लाकडाने तार दूर सारावी. ११ हजाराच्या तारेला मात्र लाकूडही चालत नाही. तेथे लांब थांबून १९१२ वर महावितरणला कळवावे व वीज बंद झाल्याशिवाय जवळ जाऊ नये.

माणूस सुटल्यावर श्वास पाहावा. शुद्ध नसेल व श्वास चालत नसेल, तर उताणा निजवून छातीच्या मध्यभागी दोन्ही तळवे ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावा. दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. मदत येईपर्यंत दाब थांबवू नये, माणूस दमला तर बदलावा. कोणी अंगाला माती फासा म्हणेल, कोणी पाणी पाजा म्हणेल. त्यांत वेळ घालवू नये. शॉक बसून माणूस लगेच उठून बसला, तरी त्याला दवाखान्यात दाखवावेच.

शेवटी, भाड्याचा मिक्सर ताब्यात घेण्यापूर्वी पाच गोष्टी पाहाव्यात: पट्ट्याची व चक्राची जाळी, अखंड केबल, मोटारीच्या अंगाला घट्ट बसवलेली अर्थिंगची तार, सुस्थितीतील स्टार्टर आणि ड्रम अडकवण्याची खीळ. यातले एक जरी नसेल तर मिक्सर परत पाठवावा. हे सारे पाहायला आणि ब्रेकर बसवायला वायरमनला फार तर अर्धा दिवस लागेल. मिक्सरवर उभा राहणारा कधी आपला मुलगा असतो, कधी दुसऱ्याच्या घरचा कर्ता गडी. पाटाचे काम उद्या होईल, या हंगामात नाही तर पुढच्या हंगामात होईल. तेव्हा अर्थिंग व ब्रेकर तपासल्याशिवाय आपल्या रानात मिक्सरचे बटण दाबू देऊ नये, ही सर्व सभासदांना विनंती.

— ऊस विकास अधिकारी