बुलेट पुलर : स्वतः आपटून घेणारं अवजार कसं निवडावं?

'इम्पॅक्ट लोडिंग' म्हटलं की आपल्याला एस.ओ.एम. लॅबमधलं आयझॉडचं मशीन आठवतं. पेंड्युलम सोडायचा, 'खाट्' आवाज, रीडिंग जर्नलमध्ये, विषय संपला. (रीडिंग बहुधा सीनियरच्या जर्नलमधून येतं, पण ते असो.) आपल्या कॉलेजातून बाहेर पडून मी सध्या अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात एका मशीन शॉपमध्ये काम करतो. तिथे हाच धडा एका भलत्याच अवजाराच्या निमित्ताने पुन्हा शिकायला मिळाला.

आमच्या शॉपमधला एक वयस्क मशिनिस्ट हरणांच्या शिकारीसाठी काडतुसं घरीच भरतो. तिकडे हा हजारो लोकांचा छंद आहे, त्याला 'रीलोडिंग' म्हणतात. आपण ज्याला सरसकट 'गोळी' म्हणतो त्या काडतुसाचे चार भाग असतात : पितळी केस, बुडाशी प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली बुलेट. (दारू हा शब्द वाचून मागच्या बाकांनी जागं होण्याचं कारण नाही.) बार उडाल्यावर पितळी केस शाबूत राहते, ती पुन्हा भरता येते. म्हणून हा उद्योग.

या गृहस्थाने .३०-०६ ची दीडशेच्या आसपास काडतुसं भरली आणि मग त्याच्या लक्षात आलं की दारू मोजून टाकणाऱ्या मापाचा लॉक स्क्रू ढिला झाला होता. म्हणजे कुठल्या काडतुसात किती दारू पडली याचा भरवसा नाही. या काडतुसात दाबाची कमाल मर्यादाच ६०,००० पी.एस.आय., म्हणजे सुमारे ४१४ मेगापास्कल आहे. दारू जास्त पडली तर तो दाब गालाला टेकलेल्या बंदुकीत वाढणार. मी म्हटलं, "सगळी वजन करून बघा ना." तो हसला. एका केसच्या आणि दुसऱ्या केसच्या वजनातच एवढा फरक असतो की दारूतला फरक त्यात लपून जातो. उपाय एकच, प्रत्येक काडतूस उघडायचं. त्यासाठी लागतो बुलेट पुलर. त्याचा जुना पुलर तडकला होता. "तू इंजिनिअर आहेस ना, मग टिकेल असा कोणता ते सांग," असं म्हणून त्याने प्रश्न माझ्यावर ढकलला.

पुलरचे मुख्य प्रकार दोन. पहिला हातोड्यासारखा, पण त्याचं डोकं प्लास्टिकचं आणि पोकळ. काडतूस मागच्या बाजूने, बुलेट आपटायच्या तोंडाकडे करून आत सोडायचं. केसची कड तीन तुकड्यांच्या कोलेटमध्ये धरली जाते, वरून आट्यांचं झाकण बसतं. हातोडा कठीण जागेवर आपटला की डोकं थांबतं, केस थांबते, बुलेट मात्र पुढे जाऊ पाहते. एस.टी.ने करकचून ब्रेक मारल्यावर उभ्या प्रवाशांचं जे होतं तेच. चार-सहा ठोक्यांत बुलेट आणि दारू दोन्ही पोकळीत पडतात.

आता जरा आकडेमोड करू. बुलेट १५० ग्रेनची, म्हणजे ९.७ ग्रॅम. केसच्या मानेची पकड समजण्यापुरती २०० न्यूटन धरू. या पकडीमुळे बुलेटला मिळणारं मंदन सुमारे २०,६०० मीटर प्रति सेकंद वर्ग. हातोड्याचा वेग सेकंदाला ८ मीटर असेल तर बुलेट थांबायला v²/2a, म्हणजे साधारण १.५ मि.मी. घेते. तेवढ्यात हातोडा ०.५ मि.मी.त थांबला, तर बुलेट एका ठोक्यात जेमतेम १ मि.मी. बाहेर सरकणार. हातोडा मऊ लाकडावर किंवा रबरी मॅटवर आपटून त्याला थांबायलाच दीड-दोन मि.मी. लागले, तर बुलेट जागची हलणार नाही. नुसता हात दुखेल.

हेच गणित .२२३ च्या ५५ ग्रेनच्या बुलेटसाठी करून पाहा. वजन साडेतीन ग्रॅम, थांबण्याचं अंतर ०.५७ मि.मी. वरच्याच ०.५ मि.मी.शी तुलना केली तर हाती काय उरलं? म्हणून हलक्या बुलेटला हा हातोडा लवकर दाद देत नाही. उलट .४५ पिस्तुलाची २३० ग्रेनची जड बुलेट पटकन निघते.

टिकाऊपणाचा सगळा पेच इथेच आहे. हातोडा जितका झटकन थांबेल तितकं काम चांगलं, आणि तितकाच धक्का त्याच्या स्वतःच्या अंगावर. डोकं थांबतं तेव्हा दांड्याला अजून पुढे जायचं असतं, त्यामुळे डोकं आणि दांडा जिथे जुळतात त्या कोपऱ्यात बेंडिंग मोमेंट येतो. जुना पुलर मी भिंगाखाली पाहिला. तडा बरोबर त्याच काटकोनी कोपऱ्यातून निघाला होता. आयझॉडच्या नमुन्यात आपण २ मि.मी. खोल, ४५ अंशाची खाच मुद्दाम पाडतो, इथे ती साच्यातच फुकट मिळाली होती!

तेव्हा दुकानात 'हेवी ड्यूटी' या शब्दांवर किंवा जाडजूड दिसण्यावर जाऊ नये. दांडा जुळतो तिथे चांगली गोलाई, म्हणजे फिलेट आहे का ते बोट फिरवून पाहावं. चिकटवलेल्या सांध्यापेक्षा एकसंध ओतलेलं डोकं बरं. झाकणाचे आटे जाड आणि गोलसर मुळाचे असावेत. कोलेट वेगळे विकत मिळतात का हे आधी विचारावं, कारण झिजतात ते तेच. आणि झाकण सैल होतं म्हणून आट्यांना थ्रेड लॉकर लावायला जाऊ नये. पॉलिकार्बोनेट आणि ए.बी.एस.सारख्या प्लास्टिकला त्याने बारीक तडे जातात. पारदर्शक प्लास्टिक ॲसिटोनने पुसणं हाही तसलाच प्रकार.

दुसरा प्रकार कोलेट पुलर. तो रीलोडिंग प्रेसमध्ये ७/८-१४ च्या आट्यांवर बसतो, बुलेटलाच कोलेटने घट्ट धरतो आणि प्रेसचा रॅम केसला खाली ओढतो. ठोका नाही, धक्का नाही, सगळं स्टॅटिक लोडिंग. दारू केसमध्येच राहते. अर्थात प्रत्येक व्यासाला वेगळा कोलेट हवा. पिस्तुलाच्या आखूड आणि नुसत्या शिशाच्या मऊ बुलेटवर त्याची पकड नीट बसत नाही.

माझं मत स्पष्ट होतं. दीडशे काडतुसं, प्रत्येकी सहा ठोके धरले तरी नऊशे ठोके होतात, तेही एकाच मापाच्या रायफलच्या काडतुसांसाठी. इथे कोलेट पुलरच घ्यावा. पिस्तुलाची चुकलेली दोन-चार काडतुसं उघडायला एखादा गोल कोपऱ्याचा हातोडा जवळ ठेवावा आणि त्याला 'कन्झ्युमेबल' समजावं. दर वेळी उजेडात धरून कोपरा पाहायचा. केसांसारखी रेघ दिसली की कचऱ्यात.

सुरक्षिततेच्या बाबतीत म्हातारा माझ्यापेक्षा कडक निघाला. डोळ्यांना गॉगल, एका वेळी एकच काडतूस, आणि काडतूस आत असताना प्रायमर जिवंत आहे याचं भान. कोलेटऐवजी प्रेसचा शेल होल्डर वापरायचा 'जुगाड' पुष्कळ जण करतात. तो एका बाजूने उघडा असतो, केस सगळीकडून सारखी धरली जात नाही, म्हणून त्याने तो साफ नाकारला. .२२ रिमफायर काडतूस तर हातोड्यात कधीच घालायचं नाही. त्याचं स्फोटक कडेतच भरलेलं असतं आणि कोलेट नेमकी तीच कड धरतो.

इथे वाचून कुणी हॉस्टेलच्या खोलीत प्रयोगाला लागू नये म्हणून सांगतो. आपल्याकडच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीसुद्धा येते. विनापरवाना भानगड थेट पोलीस स्टेशनात संपेल.

म्हाताऱ्याने .३०८ चा कोलेट आणला आणि दोन संध्याकाळी बसून सगळी काडतुसं उघडली. काही फार जुन्या केसांमध्ये बुलेट मानेला जणू चिकटून बसल्या होत्या. त्या त्याने आधी प्रेसवर केसभर आत दाबून पकड मोडली आणि मग ओढल्या, सुरळीत निघाल्या. दारू त्याने परत वापरली नाही. बुलेट आणि केसा मात्र धुऊनपुसून वेगवेगळ्या डब्यांत ठेवल्या, आणि मापाला नवा लॉक स्क्रू बसवला.