घटक 6 : निळू फुले – अभिनेत्याची जडणघडण आणि बोलीचे सामर्थ्य

6.1 उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला
• निळू फुले यांच्या जीवनाचा व कारकिर्दीचा परिचय करून देता येईल.
• अभिनयातील स्वर, विराम व संबोधन यांचे कार्य स्पष्ट करता येईल.
• प्रमाणभाषा व बोली यांविषयीच्या रूढ समजुतींची चिकित्सा करता येईल.

6.2 प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, अंबरनाथच्या शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्याजवळ भरलेल्या एका संपर्कसत्रातील प्रसंग आहे. वर्गात आगरी घरांतील मुले होती, फाळणीनंतर उल्हासनगरात स्थिरावलेल्या सिंधी कुटुंबांतील मुली होत्या आणि कारखान्यातील नोकरीसाठी घाटावरून आलेल्या कामगारांची मुलेही होती. त्यांपैकी एकाला मी उतारा वाचून त्यावर बोलण्यास सांगितले. तो दोन वाक्ये बोलला, थांबला आणि म्हणाला, "सर, माझी भाषा अशुद्ध हाय." मी सवयीने दुरुस्ती केली, "हाय नव्हे, आहे." तो खाली बसला आणि दिवसभर पुन्हा बोलला नाही.

मधल्या सुट्टीत त्याच वर्गात निळू फुले यांची नक्कल चालली होती. तोच 'हाय', तोच 'व्हय' आणि भोवती हशा. जी बोली वर्गात लाजेचा विषय ठरली, तीच नकलेत करमणुकीचा विषय झाली होती. या दोन्ही वेळी तिच्यावर अन्याय झाला आणि त्यांपैकी पहिला मी केला होता. निळू फुले यांच्या कारकिर्दीचा अभ्यास भाषेच्या विद्यार्थ्याने का करावा, याचे उत्तर या प्रसंगात आहे.

6.3 विषय-विवेचन

6.3.1 जडणघडण

नीळकंठ कृष्णाजी फुले यांचा जन्म 1930 साली पुण्यात झाला. घरची परिस्थिती बेताची होती. तरुणपणी त्यांनी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळी म्हणून काम केले. याच काळात ते राष्ट्र सेवा दलाशी जोडले गेले. सेवा दलाचे कलापथक ही त्यांची खरी नाट्यशाळा होय. कलापथकाचा प्रेक्षक तिकीट काढून आलेला नसे. तो दिवसभराच्या श्रमानंतर मैदानात येऊन बसलेला असे. त्याला धरून ठेवायचे, तर त्याच्याच भाषेत बोलणे भाग होते. शब्द शेवटच्या माणसापर्यंत पोहोचविण्याची शिस्त फुले यांना येथे लागली.

6.3.2 लोकनाट्याकडून चित्रपटाकडे

शंकर पाटील यांच्या 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने फुले यांना महाराष्ट्रभर ओळख मिळवून दिली. पुढे अनंत माने यांच्या 'एक गाव बारा भानगडी' (1968) या चित्रपटातील झेलेअण्णाच्या भूमिकेने त्यांचा चित्रपटसृष्टीत प्रवेश झाला. 1972 साली कमलाकर सारंग यांनी रंगभूमीवर आणलेल्या विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर' या नाटकात त्यांनी सखाराम उभा केला. या नाटकावर मोठे वादळ उठले आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. सखारामची भाषा रांगडी व शिवराळ आहे. परंतु ती केवळ धक्का देण्यासाठी येत नाही. प्रतिष्ठित समाजाचे ढोंग नाकारणाऱ्या माणसाची ती भाषा आहे. हिंदीतही 'कुली' (1983), 'मशाल' (1984) आणि 'सारांश' (1984) या चित्रपटांत त्यांनी भूमिका केल्या. 1991 साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

6.3.3 हिंदुराव आणि दिगू : दोन भूमिकांची तुलना

तेंडुलकरांनी लिहिलेला 'सामना' हा जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट. 1975 साली तो बर्लिन चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धा विभागात दाखविला गेला. त्यात फुले यांनी हिंदुराव धोंडे पाटील हा साखरसम्राट साकारला, तर त्याच्यासमोर डॉ. श्रीराम लागू यांचा मास्तर होता. मारुती कांबळे या माणसाचे काय झाले, हा मास्तरचा प्रश्न हिंदुरावाच्या सत्तेला हादरे देतो.

येथे बोलण्याची रीत लक्षपूर्वक ऐकावी. हिंदुराव क्वचितच आवाज चढवितो. ज्याचा शब्द खाली पडत नाही, त्याला ओरडण्याची गरज नसते. शब्दापूर्वीचा विराम, वाक्याच्या शेवटी खाली येणारा सूर आणि समोरच्याला कोणत्या सर्वनामाने संबोधायचे याची निवड, यांतून सत्ता व्यक्त होते. स्वर-व्यंजनांवर आरूढ होणाऱ्या या आघात, सुरावट व विराम अशा घटकांना भाषाविज्ञानात 'खंडेतर घटक' म्हणतात. लिखित संवादात ते जवळजवळ दिसत नाहीत. नट ते निर्माण करतो.

याउलट, अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' व 'सिंहासन' या कादंबऱ्यांवर आधारित 'सिंहासन' (1979) या चित्रपटात फुले पत्रकार दिगू टिपणीस झाले. दिगू शहरी आहे. तो बोलण्यापेक्षा पाहतो आणि ऐकतो. हिंदुराव सत्तेच्या केंद्रस्थानी आहे, तर दिगू तिचा साक्षीदार. एकाच नटाने या दोन्ही भूमिका समर्थपणे केल्या, यावरून एक गोष्ट सिद्ध होते : ग्रामीण बोली ही फुले यांची मर्यादा नव्हती, ती त्यांनी भूमिकेनुसार केलेली निवड होती.

6.3.4 प्रतिमा आणि माणूस

पडद्यावरील पाटील व सरपंच प्रेक्षकांच्या मनात इतके रुजले, की खलनायक हीच त्यांची ओळख बनली. प्रत्यक्षात हा माणूस समाजवादी विचारांचा, साध्या राहणीचा आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीला साथ देणारा होता. 13 जुलै 2009 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

या यशाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मराठी चित्रपटात नायक बहुधा प्रमाणभाषेत बोलतो आणि खलनायक किंवा विनोदी पात्र बोलीत, असा साचा पुष्कळदा आढळतो. तो वारंवार पाहिल्याने बोली म्हणजे एकतर लबाडी, नाहीतर हसू, असे समीकरण बनते. फुले यांच्या नकलाकारांनी हा साचा अधिक घट्ट केला. कारण त्यांनी उच्चार उचलले, विराम मात्र सोडून दिले. भाषाशास्त्राच्या दृष्टीने कोणतीही बोली अशुद्ध नसते. प्रत्येक बोलीला स्वतःचे नियम असतात. 'हाय' हे रूप 'आहे' इतकेच नियमबद्ध आहे. भेद आहे तो प्रतिष्ठेचा. परीक्षेत प्रमाणभाषा लिहावी लागते, हे खरे. ती जरूर शिकावी. परंतु घरची बोली टाकून नव्हे.

6.4 सारांश

कलापथक, लोकनाट्य, नाटक व चित्रपट असा निळू फुले यांचा प्रवास आहे. बोलीतून सत्ता, बंड व व्यथा या तिन्ही व्यक्त होऊ शकतात, हे त्यांच्या भूमिकांनी दाखवून दिले. पडद्यावरील प्रतिमा आणि प्रत्यक्षातील माणूस यांतील अंतरही त्यांच्या चरित्रातून स्पष्ट होते.

6.5 स्वाध्याय

1. कलापथकातील अनुभवाचा फुले यांच्या वाचिक अभिनयावर कोणता परिणाम झाला असावा, ते लिहा.
2. हिंदुराव व दिगू टिपणीस या भूमिकांची भाषिक अंगाने तुलना करा.
3. 'बोली अशुद्ध नसते' या विधानाची सोदाहरण चर्चा करा.

उपक्रम : महाशिवरात्रीला अंबरनाथच्या शिवमंदिराजवळ जत्रा भरते. तेथे किंवा तुमच्या गावच्या बाजारात तासभर थांबा. विक्रेते व ग्राहक यांच्या बोलण्यातील संबोधने, सूर आणि विराम यांची नोंद करा. त्यानंतर तुमच्या घरातील सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीची एक आठवण, तिचा एकही शब्द न बदलता, लिहून काढा आणि पुढील संपर्कसत्रात मोठ्याने वाचा. आमच्या वर्गात हा उपक्रम प्रथम त्याच विद्यार्थ्याने केला. त्याने आपल्या आजीची आठवण तिच्याच शब्दांत वाचली. वर्ग हसला नाही आणि मीही दुरुस्ती केली नाही.