‘कार्निव्हल’ म्हणजे काय?

गोव्यात माघ-फाल्गुनाच्या सुमारास कार्निव्हल होतो. मुखवटे, सोंगे, रंग, मिरवणुका, नुसती धमाल! तिकडचे वारकरी आम्हांस विचारतात, “महाराज, हे काय प्रकरण आहे? आणि कोकणीत त्याला ‘इंत्रुज’ का म्हणतात?” सोंग पाहून शब्द कळत नाही, सज्जनहो, त्याचे मूळ शोधावे लागते.

पुष्कळ जण सांगतात, लॅटिनात ‘कार्ने’ म्हणजे मांस आणि ‘वाले’ म्हणजे निरोप, तेव्हा कार्निव्हल म्हणजे “मांसा, आता रामराम!” ऐकावयास गोड, पण व्युत्पत्ती खरी नव्हे. जुने रूप आहे ‘कार्नेलेवारे’, म्हणजे मांस दूर करणे. ‘लेवारे’ म्हणजे उचलणे. त्याच्या मुळाशी ‘लेविस्’, हलका. आपल्या संस्कृतातील ‘लघु’ हा त्याचाच भाऊबंद, आणि ‘लंघन’ही त्याच कुळातले. वैद्य सांगतातच की, देहाला हलकेपणा आणते ते लंघन.

आता इंत्रुज. हा पोर्तुगीज ‘एन्त्रुदु’वरून आला, आणि तो लॅटिन ‘इन्त्रोइतुस्’वरून. अर्थ, प्रवेश. प्रवेश कशात? तर ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात. रविवार वगळून हे दिवस ४०. मंगळवारपर्यंत मौज, बुधवारी मुखवटा उतरतो आणि कपाळी राख लागते. पूर्वी या काळात मांस वर्ज्य असे, म्हणून आधी घरातले संपवून टाकावयाचे. त्याच दिवसांत सोंगे निघू लागली. इटलीतील व्हेनिस शहर तर मुखवट्यांसाठीच गाजले. मुखवट्याआड धनी कोण, चाकर कोण, ओळखू येत नसे. १७९७ साली तेथील गणराज्य बुडाले, त्याबरोबर उत्सवही मावळला. १९७९ साली तो पुन्हा सुरू झाला.

पाहा, एक शब्द सांगतो ‘सोड’, दुसरा सांगतो ‘आत ये’. दोन्ही एकाच उंबरठ्याची नावे. मुखवटा दोहोंतही नाही! पण लोकांनी मुखवटा धरला नि लंघन सोडले.

त्यांना हसण्यात अर्थ नाही. आषाढी अमावास्या ही आपली दिव्यांची अवस. तिला ‘गटारी’ कोणी केले? श्रावण पाळायचा म्हणून आदल्या दिवशी मांसावर ताव मारायचा, आणि पुढे श्रावणही पाळायचा नाही! व्रत सुटते, त्याची पूर्वसंध्या तेवढी उरते. म्हणून सणाला जाण्यापूर्वी त्याच्या नावाला अर्थ विचारावा. काय सोडावयाचे होते ते नाव विसरत नाही.