एक्सल सगळ्यांत शेवटी

१९८५ पर्यंत अमेरिकेत विकल्या गेलेल्या टोयोटाच्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपला पुढेही मागच्यासारखाच सॉलिड एक्सल असे. एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत अखंड पोलादी नळी, एका बाजूला सरकवलेला डिफरन्शियलचा गोळा आणि वर पाटे. १९८६च्या मॉडेलपासून कंपनीने पुढचा एक्सल काढला आणि टॉर्शन बारवर चालणारं स्वतंत्र सस्पेन्शन दिलं. गाडी रस्त्यावर मऊ झाली, हायवेवर सरळ धावू लागली, बहुतेक गिऱ्हाईक खूश झालं. दगडधोंड्यांत गाडी घालणाऱ्यांना मात्र हे रुचलं नाही. कंपनीने जे काढलं ते परत बसवण्याचा खटाटोप ही मंडळी तेव्हापासून स्वतःच्या खर्चाने करत आली आहेत.

मूळचे पुण्याचे आणि नोकरीनिमित्त कोलोराडोत स्थिरावलेले एक इंजिनिअर याच वाटेने गेले. भाचेकंपनी मोठी असल्यामुळे ओळखीतले सगळेच त्यांना मामा म्हणतात. पुण्यात असताना त्यांनी मारुती जिप्सी चालवली होती आणि तिला पुढे-मागे दोन्हीकडे सॉलिड एक्सल. त्यामुळे अमेरिकेत स्वतंत्र सस्पेन्शनची जुनी टोयोटा पिकअप घेतल्यावर शेजारच्या युटा राज्यातल्या मोॲबच्या खडकांवर पहिल्यांदा गेले, तेव्हा त्यांना फरक लगेच जाणवला. पुढचं एक चाक दगडावर चढलं की दुसरं हवेत तरंगे आणि गाडीचं पोट खाली येई.

याचं कारण सोपं आहे. सॉलिड एक्सलमध्ये एक चाक वर गेलं की तीच नळी दुसऱ्या चाकाला खाली दाबते, त्यामुळे दोन्ही टायर जमीन धरून राहतात. शिवाय डिफरन्शियल जमिनीपासून किती उंच, हे टायरच्या उंचीवर ठरतं, सस्पेन्शन दबलं तरी त्यात फरक पडत नाही. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये डिफरन्शियल चासीला टांगलेलं असतं, म्हणून गाडी बसली की तेही बसतं. त्यात टॉर्शन बार पिळून गाडी उंच केलेली असेल तर चाकाला खाली जायला जागाच उरत नाही, ड्राइव्ह शाफ्टचे सांधे तिरके होऊन लवकर मरतात आणि या टोयोटांचा आयडलर आर्म तर मुळातच नाजूक. मामांचा तो दोनदा बदलून झाला होता.

एवढं असूनही पहिला प्रश्न हाच, की हे करायचं कशाला? मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात ताशी शंभराच्या वेगाने उड्या मारणाऱ्या शर्यतीच्या ट्रकना पुढे स्वतंत्र सस्पेन्शनच असतं, कारण वेगात हलकं चाक रस्ता चांगला पकडतं. सॉलिड एक्सलचा फायदा मिळतो तो कासवाच्या गतीने खडक चढताना. ज्याची गाडी वर्षातले बहुतेक दिवस ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभी असते, त्याने आधी डिफरन्शियल लॉक बसवावा, चांगले टायर घ्यावेत आणि दरवाजाखाली दणकट रॉक स्लायडर लावावेत. त्यानंतरही अडलं तर एक्सलचा विचार करावा. मामा हा सल्ला आता सर्वांना देतात. स्वतःच्या वेळी त्यांनी तो कुणाचाच ऐकला नव्हता.

त्यांची खरी अडचण सुरू झाली ती स्वस्त सौद्यातून. भंगार यार्डात १९८५ सालच्या पिकअपचा पूर्ण पुढचा एक्सल पडलेला दिसला, भाव बरा वाटला, उचलून घरी आणला. चाकांचे नट सारखेच, सहा नट आणि १३९.७ मिलिमीटरचं वर्तुळ, म्हणून बाकीचंही जुळेल असं त्यांनी गृहीत धरलं. पण स्वतंत्र सस्पेन्शनची गाडी जुन्या गाडीपेक्षा साधारण तीन इंचांनी रुंद आहे. जुना एक्सल तसाच बसवला तर पुढची चाकं मागच्यांपेक्षा दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच आत जातात. टायर चासीला आणि पाट्याला घासतो, स्टिअरिंग पूर्ण फिरत नाही. यावर उपाय आहे. स्वतःच्याच गाडीतले नंतरच्या मॉडेलचे हब आणि डिस्क जुन्या एक्सलवर चढवायचे, म्हणजे रुंदी जवळपास जुळते आणि ब्रेकही सुधारतात. पण हे आधी माहीत असतं तर हब भंगारात दिले गेले नसते.

दुसरा घोळ गिअर गुणोत्तराचा. आणलेल्या एक्सलचं क्राऊन-पिनियन ४.१०चं, मागचं ४.५६चं. ट्रान्सफर केसमध्ये फोर-व्हील लावली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच गतीने फिरतात. अशा वेळी दोन्हीकडचं गुणोत्तर वेगळं असेल तर चाकं वेगवेगळ्या गतीने फिरू पाहतात. मऊ मातीत टायर घसरून ती तफावत निघून जाते, खडकावर निघत नाही. मग ताण शाफ्टमध्ये साचतो आणि सगळ्यांत कमजोर भाग तुटतो. मामांना नंतर ३५ इंची टायर लावायचे होते, त्यामुळे मूळ टायरच्या मानाने केलेलं गुणोत्तर नाही तरी बदलायचंच होतं. शेवटी दोन्हीकडे ५.२९ बसवलं. म्हणजे भंगारातून आलेला पुढचा ‘तयार’ गिअर एक दिवसही चालला नाही.

इथून त्यांना कामाचा क्रम उलगडला, आणि तो खरेदीच्या क्रमाच्या नेमका उलट निघाला. सुरुवात टायरपासून. टायर किती मोठा हे ठरलं की गिअर गुणोत्तर ठरतं आणि गाडी किती उचलायची तेही ठरतं. उंची ठरली की पाटे कोणते, शाफ्ट किती लांब आणि स्टिअरिंगचे रॉड कोणत्या कोनात बसणार हे कागदावर मांडता येतं. मग ब्रेकच्या नळ्या. एक्सल कुठला घ्यायचा हा प्रश्न या सगळ्यांची उत्तरं मिळाल्यावरच नीट विचारता येतो. फोर्ड किंवा शेव्हरोलेचा दणकट डाना ४४ एक्सल घेणाऱ्यांनी तर डिफरन्शियल कुठल्या बाजूला आहे ते सगळ्यांत आधी बघावं. टोयोटाच्या ट्रान्सफर केसचा पुढचा शाफ्ट उजवीकडून निघतो. डावीकडे गोळा असलेला एक्सल कितीही मजबूत असला तरी या गाडीला तो चालणार नाही.

स्टिअरिंगवर मामा सगळ्यांत जास्त बोलतात आणि ते योग्यच आहे. इंजिन बंद पडलं तर गाडी थांबते, स्टिअरिंग बिघडलं तर गाडी थांबत नाही. १९८५ पर्यंतच्या टोयोटात स्टिअरिंग बॉक्सचा आर्म पुढे-मागे हलतो आणि ड्रॅग लिंक चासीच्या कडेने जाऊन डाव्या चाकाला ढकलते किंवा ओढते. गाडी उंच केली की ही लिंक उतरणीसारखी तिरकी होते. मग खड्ड्यात एक्सल वर-खाली झाला की चाक आपोआप वळतं, ड्रायव्हरने हात न हलवता. म्हणून बहुतेक जण क्रॉसओव्हर पद्धत वापरतात. त्यात ड्रॅग लिंक आडवी जाऊन उजव्या चाकाच्या नकलला, म्हणजे चाक वळवणाऱ्या सांध्याला, जोडली जाते. १९८६ पासूनच्या टोयोटाचा बॉक्स आडवा आर्म हलवणारा असल्याने तोच इथे उपयोगी पडतो, फक्त जागा बदलावी लागते. नवीन जागी चासीला भोकं पाडून नुसते बोल्ट आवळले तर पोकळ चासी चेपते आणि पुढे तडे जातात. भोकांत पोलादी नळ्या घालून त्या वेल्ड करायच्या आणि बाहेरून पट्टी मारायची, यात काटकसर नको. नकलवर उंच स्टिअरिंग आर्म लावले असतील तर त्यांचे नट थोडं चालवून झाल्यावर पुन्हा आवळावेत, आणि नंतरही अधूनमधून बघावेत. ते ढिले होतात.

पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आणि लिंक आर्म लावायचे असतील तर एक्सलला आडवं सरकू न देणारा पॅनहार्ड रॉड लागतो, आणि तो ड्रॅग लिंकला समांतर आणि शक्यतो तितकाच लांब हवा. नाहीतर खड्ड्यात गाडी वळण्याची तीच तक्रार वेगळ्या वाटेने परत येते. पहिल्यांदाच काम करणाऱ्याने पाटेच लावावेत. पाटे एक्सलला आडवं सरकू देत नाहीत, त्यामुळे एक संपूर्ण डोकेदुखी कमी होते.

आता कॅस्टर. पुढच्या चाकाचा स्टिअरिंगचा अक्ष वरून थोडा मागे झुकलेला असतो, म्हणून वळण संपल्यावर स्टिअरिंग आपसूक सरळ होतं. पाट्याखाली पाचर घालून हा कोन वाढवता येतो, पण पूर्ण एक्सलच फिरत असल्याने पिनियनचं नाक खाली जातं आणि शाफ्टचा सांधा जास्त तिरका होतो. दोन्ही जुळवायचे तर एक्सलच्या टोकाचे गोळे कापून फिरवून पुन्हा वेल्ड करावे लागतात. हे काम मोजमाप नसलेल्या हाताने करू नये. मामांनी पहिल्या खेपेला फक्त शाफ्टचा विचार केला, कॅस्टर जवळजवळ शून्यावर आला. ताशी ऐंशी किलोमीटरला पुढचा भाग असा थरथरायला लागला की दात वाजावेत. या थरथरण्याला तिकडचे लोक ‘डेथ वॉबल’ म्हणतात. वेग कमी केला की तो थांबतो, म्हणून बरेच जण टायर बॅलन्स करून गप्प बसतात, पण मूळ दोष कोनात किंवा ढिल्या सांध्यात असतो. मामांना एक्सल काढून पुन्हा टेबलावर घ्यावा लागला.

तपासणीची एक चांगली पद्धत त्यांना एका जुन्या फिटरने दाखवली. पाट्यातली फक्त मुख्य पट्टी लावून एक्सल जागेवर ठेवायचा, सगळं टॅक मारून धरायचं, आणि जॅकने एक्सल अगदी वरपर्यंत, मग अगदी खालपर्यंत हलवायचा. पूर्ण जड पाटा असा दाबता येत नाही, एक पट्टी येते. वर जाताना गोळा इंजिनच्या ऑइल पॅनला लागतो का? टोयोटाच्या तीन लिटर व्ही-सिक्स इंजिनाला इथेच एक्झॉस्टचा आडवा पाइप पुढच्या शाफ्टच्या वाटेत येतो. खाली जाताना ब्रेकची रबरी नळी ताणली जाते का, शाफ्टचा सरकता भाग निसटतो का? मामांची नळी ताणली होती. टेबलावर कळलं म्हणून ठीक, घाटात कळलं असतं तर ब्रेक ऑइल रस्त्यावर असतं. पक्कं वेल्डिंग हे सगळं झाल्यावर, गाडीचं वजन चाकांवर घेऊन. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढायची, रंग खरवडायचा, आणि एक्सलच्या नळीवर थोडं थोडं करत जायचं, कारण एकाच जागी उष्णता बसली की नळी वाकते.

बाकी किरकोळ. नकलमधलं ग्रीस पातळ होऊन बाहेर गळत असेल तर आतलं सील गेलंय आणि गिअर ऑइल ग्रीसमध्ये मिसळतंय. जुन्या एक्सलची सगळी सीलं आणि बेअरिंग बसवण्याआधीच बदलावीत.

हे सगळं ऐकून पुण्यातल्या भाच्याला जुन्या महिंद्रा थारचा पुढचा भाग असाच बदलायचा होता. मामांनी त्याला आधी कायदा वाचायला लावला. अमेरिकेत गाडीची उंची आणि बंपर यांचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत, पण एक्सल बदलून गाडी रस्त्यावर चालवणारे बरेच आहेत. भारतात मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलांपासून फारकत घेणारे बदल रोखतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्टपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतरच्या कलम १८२अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघातानंतर विमा कंपनी याच मुद्द्यावर हात वर करू शकते.

आणि भारतात हा खटाटोप टाळता येतो, कारण सॉलिड एक्सल कंपनीतूनच आलेल्या गाड्या इथे मिळतात. जुनी जिप्सी आहेच. २०२३ मध्ये आलेल्या जिम्नीला पुढे-मागे कॉइल स्प्रिंगवर सॉलिड एक्सल आहेत. फोर्स गुरखाच्या २०२१ पूर्वीच्या मॉडेलमध्ये पुढेही सॉलिड एक्सल होता. भाचा सध्या लष्कराच्या लिलावातून बाहेर पडलेल्या जिप्सी बघतो आहे. मामांनी त्याला तपासण्याची यादी पाठवली आहे: पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ चासीला गंज किंवा जुनं वेल्डिंग, नकलमधून गळती, दोन्हीकडच्या गिअरचं गुणोत्तर, आणि रजिस्ट्रेशनवरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळतो का.