राहून गेलेले तीन शब्द

खत-बियाण्यांच्या एका दुकानासाठी मी जावास्क्रिप्टमध्ये बिलाचा प्रोग्रॅम लिहिला होता. बिल क्रमांक एकदा पडला की कोणाच्याही हातून बदलता कामा नये, ही दुकानदार काकांची अट. रास्तच होती. मी ऑब्जेक्ट.डिफाइनप्रॉपर्टी वापरलं, क्रमांकाची व्हॅल्यू दिली आणि पुढच्या कामाला लागलो. क्रमांक बदलून पाहिला, बदलेना. छापील बिलावरही तो नीट येत होता.

आठवड्याभराने एक शेतकरी बियाण्याची पिशवी परत करायला आले. हातातल्या बिलावर क्रमांक ११८७. काकांनी शोधलं, तर असं बिलच सापडेना. मी बिलं साठवलेली फाइल उघडली. तारीख होती, माल होता, रक्कम होती; क्रमांक मात्र एकाही बिलाला नव्हता. "बिल तुमच्याच दुकानाचं आहे ना?" शेतकऱ्याने विचारलं. खऱ्या माणसाला माझ्या प्रोग्रॅममुळे खरेपणा सिद्ध करावा लागत होता.

झालं होतं ते असं. प्रत्येक साध्या प्रॉपर्टीला व्हॅल्यूसोबत तीन खुणा असतात. रायटेबल म्हणजे व्हॅल्यू बदलता येते का, इन्युमरेबल म्हणजे यादी करताना ती धरली जाते का आणि कॉन्फिगरेबल म्हणजे ती काढून टाकता येते का किंवा तिचे नियम बदलता येतात का. नेहमीच्या बरोबरच्या चिन्हाने प्रॉपर्टी तयार केली, की तिन्ही ट्रू. डिफाइनप्रॉपर्टीने नवी तयार केली आणि यांचा उल्लेख केला नाही, की तिन्ही फॉल्स. मला हवं होतं फक्त रायटेबल फॉल्स. इन्युमरेबलही फॉल्स राहिलं आणि जेसन.स्ट्रिंगिफायने फाइलसाठी मजकूर बनवताना क्रमांक गाळला. छापताना मी तो थेट नावाने मागत होतो, म्हणून कागदावर तो दिसत राहिला.

छापील प्रती समोर ठेवून दोन रात्री क्रमांक भरले. तेव्हापासून काही गोष्टी कटाक्षाने पाळतो, तुम्हीही पाळा.

तिन्ही खुणा दर वेळी स्वतः लिहा, फॉल्स हवं असलं तरी. पुढे कोड वाचणाऱ्याला तुमचा हेतू कळतो.

स्ट्रिक्ट मोड चालू ठेवा. डिफाइनप्रॉपर्टी आणि स्ट्रिक्ट मोड, दोन्ही २००९ च्या ईसीएमएस्क्रिप्ट ५ मध्ये एकत्रच आले. स्ट्रिक्ट मोड नसेल तर रायटेबल नसलेल्या प्रॉपर्टीत लिहिलेलं मुकाट्याने वाया जातं. असेल तर टाइपएरर येतो. मॉड्यूल आणि क्लासच्या आत तो आपोआप असतो.

कॉन्फिगरेबल फॉल्स करण्याआधी थांबून विचार करा. ते पुन्हा ट्रू होत नाही.

ऑब्जेक्ट.फ्रीझवर विसंबू नका. ते वरचा थर गोठवतं. बिलाच्या आतली मालाची यादी तशीच उघडी राहते. कॉन्स्ट तर फक्त नाव बांधतं, आतल्या प्रॉपर्टी नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : डेटा साठवा, परत वाचा आणि मगच तपासा. मी मेमरीतलं बिल पाहून समाधान मानलं होतं.

काकांनी कागदावर विश्वास ठेवला, म्हणून त्या दिवशी पिशवी परत घेतली गेली. जिथे कागद नसतो, तिथे माणसाच्या बाजूने बोलायला आपण साठवलेली नोंदच असते. ती पूर्ण आहे का, हे पाहणं आपलं काम आहे.